घोड्याच्या वर्षासाठी घर सजवताना चिनी रास आणि दिशा कशी पाहावी?

ओसरी:
नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी सिंगापुरात एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) सदनिकेत राहायला आलो. १७ फेब्रुवारी २०२६ रोजी घोड्याचे चिनी वर्ष सुरू होत आहे आणि सणाच्या दिवसांत समोरच्या घरातील आजी आमच्याकडे येणार आहेत, म्हणून दर्शनी खोली त्यांच्या रीतीने सजवावी असे मनापासून वाटते. माझा जन्म जानेवारी १९८५ चा. रास बैल असावी असे समजून मी एक लहानसा पितळी बैल आणला आहे आणि दक्षिणेच्या भिंतीवर चौखूर उधळलेल्या घोड्याचे मोठे चित्र लावण्याचा विचार आहे. फेंगशुईच्या दृष्टीने हे योग्य होईल का?

दूरचा दिवा:
ताई, आधी राशीचे पाहू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. बैलाचे वर्ष २० फेब्रुवारी १९८५ रोजी लागले. फेंगशुईचे जाणकार वर्षाची मोजणी ४ फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या ‘लीछुन’पासून, म्हणजे वसंतारंभापासून करतात, पण तुमचा जन्म त्याच्याही आधीचा आहे. तेव्हा तुमची रास उंदीर.

यामुळे सजावटीचा सगळा हिशेब बदलतो. बारा प्राणी दिशांवर मांडले की उंदीर उत्तरेला येतो आणि घोडा त्याच्या अगदी समोर, दक्षिणेला. समोरासमोरच्या राशींचे पटत नाही असे मानतात, म्हणून उंदीर राशीच्या व्यक्तीने घोड्याचे मोठे चित्र घरात लावू नये, असेच तुम्हाला सांगितले जाईल. शिवाय वर्षाचा अधिपती ‘थाय स्वे’ यंदा दक्षिणेला बसतो आणि त्याच्या दिशेला वर्षभर ठोकाठोक किंवा ड्रिल करणे टाळतात. तुमचा बैल मात्र अवश्य ठेवा, कारण उंदीर आणि बैल ही या परंपरेतील जिवलग मित्रांची जोडी आहे.

कागदफुले:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते या सणाच्या सजावटीचा खरा जीव राशींपेक्षा शब्दांच्या उच्चारांत आहे. इथल्या घरांतून टांगलेले लाल-सोनेरी अननस पाहिलेत का? होक्कियन बोलीत अननसाला ‘ओंग लाय’ म्हणतात आणि त्याच उच्चारातून ‘भरभराट येवो’ असा अर्थ निघतो. ‘यिन लियू’ या विलोच्या फांद्यांचे नाव चांदीच्या प्रवाहासारखे ऐकू येते, म्हणून त्यांचे उंच जुडगे फुलदाणीत ठेवून त्यावर लाल कागदी शोभेच्या वस्तू बांधतात. त्या फांद्यांवरची राखाडी बोंडे बोटाला मांजराच्या पंज्यासारखी मऊ लागतात.

दाराच्या दोन्ही बाजूंना लावायच्या लाल कागदावरील शुभेच्छांच्या ओळींची जोडी घेताना एक काळजी घ्या. जुन्या पद्धतीनुसार दाराकडे तोंड करून उभे राहिल्यावर पहिली ओळ आपल्या उजव्या हाताला येते. अक्षरे वाचता येत नसतील तर दुकानदाराकडूनच मागे पेन्सिलीने खूण करून घ्यावी. आजींच्या नजरेतून उलटसुलट लावलेली जोडी सुटणार नाही. सौभाग्याचे ‘फू’ हे अक्षर अनेक घरांत मुद्दाम उलटे चिकटवतात, कारण ‘उलटे’ आणि ‘आले’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘दाओ’ असा आहे. तरी मुख्य दारावर ते सुलटच असावे आणि उलटे अक्षर आत, तांदळाच्या डब्यावर वगैरे लावावे, असे मानणारी माणसे पुष्कळ आहेत. मलाही ते अधिक शोभते असे वाटते.

ईशान्य:
एक विनंती. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांची सरमिसळ करू नका. दोन्हींत दिशा असल्या तरी त्यांची मांडणी निराळी आहे. आपल्याकडे ईशान्येला पाणी शुभ मानतात. फेंगशुईत ईशान्य ही पृथ्वीतत्त्वाची आणि उत्तर ही जलतत्त्वाची दिशा आहे. देवघर आपल्या पद्धतीने असू द्या, दर्शनी खोली त्यांच्या पद्धतीने सजवा.

ओसरी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घोड्याचे चित्र आता घेत नाही. बैल उत्तरेच्या कपाटावर ठेवते आणि विलोच्या फांद्या उद्याच आणते. त्या पाण्यात ठेवायच्या की कोरड्या?

कागदफुले:
कोरड्याच ठेवा. पाण्यात त्यांना मुळे व पालवी फुटते आणि बोंडे गळतात. कोरड्या फुलदाणीत ती कितीतरी आठवडे तशीच राहतात.