'ठोका चुकला' म्हणजे नेमकं काय चुकलं?

राजेहो, एक शब्द पाहिजे. आमच्या आबाले मागच्या महिन्यात छातीत सारखी धडधड सुरू झाली, तालुक्याले नेलं, ईसीजी काढला तं डॉक्टर म्हणे एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) आहे, ठोके इर्रेग्युलर, अन् आम्ही घरी पोचायच्या आधी गावभर झालं का बुढ्याले अटॅक आला! अटॅक नाही तं मंग याले मराठीत म्हणाव काय? माय म्हणते धुकधुकी. एका ठिकाणी 'अतालता' वाचलं, ते कोनी बोलत नाही.

शब्दवेडी: दादा, धुकधुकी निकालाच्या दिवशीची. आणि धुगधुगी तर मरणाच्या दारातल्याची, ती आबांना चुकूनही लावू नका. 'ठोका चुकला' चालेल, पण गंमत बघा, बऱ्याचदा ठोका चुकलेला नसतोच, उलट भलत्याच जागेवरून करंट सुटून एक ठोका वेळेआधी पडतो, तो कमजोर म्हणून नाडीला लागत नाही, मग जरा थांबा आणि पुढचा जोरात. 'काळजात धस्स झालं' म्हणतो ना, तसंच काहीसं वाटतं.

ओलितवाला: ताई, आबाचं एका ठोक्याचं नाही. अटॅक म्हणजे हृदयाले रक्त देनारा पाइप चोक, हे स्टार्टरचं लफडं आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक बारकी गाठ असते, ती बसल्याजागी मिनिटाले 60 ते 100 वेळा करंट सोडते. एएफमधी वरच्या कप्प्यात मिनिटाले 350 ते 600 करंट सैरावैरा पळतात, कप्पा आवळतच नाही, नुसता थरथरते. वरच्या-खालच्या कप्प्याच्या मधातली दुसरी गाठ बरेचसे करंट अडवते म्हणून माणूस चालताबोलता राहते, पण वर रक्त साचून गुठळी झाली अन् मेंदूत गेली तं लकवा. रक्त पातळ करायची गोळी देली असन तं मनानं बंद करू नोका. माझा शब्द: फडफड.

शब्दवेडी: फडफड नको, दिवा विझायच्या आधी फडफडतो. शिवाय खालच्या कप्प्यांची तशी थरथर झाली तर नाडीच लागत नाही, माणूस जागेवर कोसळतो, तिथं लगेच छाती दाबायला लागते. दोन्हीला एकच शब्द कसा चालेल? बेताल म्हणावं तर बडबड आठवते.

बराबर आहे ताई. आबालेच विचारलं मंग, ते गुरुदेव मंडळात खंजिरी वाजवतात. म्हणे, "बाबू, वाजनं बंद नाही झालं, ठेका सुटला."

ओलितवाला: घ्या! फडफड वापस घेतली.