अनुभव धागा : मोजक्या पैशांतले खुनीपट आणि नंतरची रात्र

मंडळी, भुताखेतांच्या सिनेमांवर आपलं बोलून बोलून झालंय. हा धागा माणसाला माणसाची भीती वाटते त्या सिनेमांचा. खुनी हाडामांसाचा, एकामागून एक माणसं मारणारा, आणि निर्मात्याच्या खिशात चहापाण्यापुरतेच पैसे. अशा सिनेमांनी तुम्हाला नेमकं कुठे पकडलं? आवाजाने, एखाद्या चेहऱ्याने, की घरी परतताना?

निमित्त म्हणजे ‘रमन राघव २.०’ परवा पुन्हा पाहिला. 2015 मध्ये ‘बॉम्बे व्हेल्वेट’ जोरदार आपटल्यावर अनुराग कश्यपने पुढच्याच वर्षी साडेतीन कोटींच्या आसपास हा काढला. हिंदी सिनेमात एवढ्या पैशांत एखाद्या गाण्याचा सेट उभा राहतो. साठच्या दशकातल्या मुंबईत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या खऱ्याखुऱ्या रमन राघवने काय केलं याची पाटी सुरुवातीलाच येते, आणि पाठोपाठ दुसरी : हा सिनेमा त्याच्यावर नाही! नवाजुद्दीनचा रामन्ना आपण होऊन पोलिसांकडे जातो, नऊ खून केलेत म्हणून सांगतो, आणि कुणी विश्वास ठेवत नाही. पोलिसाचं नाव राघवन. एकच नाव खुनी आणि पोलीस यांच्यात वाटून टाकलंय. ही कल्पना फुकटातली आहे, आणि सगळा सिनेमा तिच्यावर उभा आहे.

नियम एकच. शेवट फोडणार असाल तर आधी ओरडून सांगा. ‘मला तर हसू आलं’वाल्या शूरवीरांचंही स्वागत, फक्त थोडक्यात आटपा.

आजीची खाट (या टोपणनावाने पहिला प्रतिसाद)

मी सिनेमा पाहिला तो आजीच्या गोष्टी ऐकून मोठी झाल्यावर, त्यामुळे माझी भीती आधीच तयार होती. आजीचं घर तेव्हा मालाडला, चाळीत. 1968 सालची गोष्ट. उन्हाळ्यात निम्मी चाळ गॅलरीत नि अंगणात झोपायची. उपनगरांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि सगळ्यांच्या वळकट्या आत गेल्या. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, दारंखिडक्या बंद. आजोबा आणि शेजारचे काका काठ्या घेऊन गस्त घालायचे. तो मांजराचं रूप घेतो अशी अफवा होती, त्यामुळे मांजरांचेही हाल झाले.

आजीला खुन्याचा राग होताच, पण गस्तवाल्यांचाही होता. अनोळखी, मळक्या कपड्यातला माणूस दिसला की लोक बडवायचे. एका वेड्या भिकाऱ्याला चाळीसमोरच मारलेलं तिने पाहिलं होतं. ती म्हणायची, “आपल्याला लावायला कडी तरी होती गं. मेले ते सगळे फुटपाथवरचे नि झोपड्यांतले.” सिनेमात नवाजुद्दीन बोळातून चालतो तेव्हा मला त्याच्यापेक्षा बाजूची झोपलेली माणसं जास्त दिसत होती. त्यांना नावं नाहीत, पटकथेतही नाहीत.

रात्रपाळी

शेवटचा खेळ पाहून कुर्ल्याहून चालत निघालो. बस. एवढाच अनुभव. पुढे लिहिण्यासारखं काही घडलं नाही, पण रस्ताभर मागे वळून बघत होतो.

साउंडवाला

मी ध्वनिमुद्रणात काम करतो, म्हणून जरा धंद्याचं बोलतो. पैसे कमी असले की पहिली काट पडते सेट, दिवे आणि गर्दीवर. मग खरी जागा, खरी माणसं, मिळेल तो उजेड. ही अडचण या प्रकारच्या सिनेमाला मात्र मानवते. चकचकीत उजेडात खुनी नट दिसतो. पिवळ्या ट्यूबखाली तो आपल्या गल्लीतला होतो.

आणि आवाज स्वस्त असतो हो! ‘सायको’ घ्या, 1960 सालचा. हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेतली माणसं हाताशी धरून, कृष्णधवल, आठेक लाख डॉलरमध्ये उरकला. त्याच्या आधीच्या सिनेमांपुढे ही रक्कम किरकोळच. न्हाणीघरातल्या खुनाचं रक्त म्हणजे चॉकलेटचं पातळ सिरप, कारण कृष्णधवलमध्ये ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं. सुरा घुसण्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या एका फळात सुरा खुपसून काढला. संगीतकार बर्नार्ड हरमनने तर निव्वळ तंतुवाद्यांवर भागवलं. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं, ऐकल्यावर मत बदललं.

कॉलेजात मित्राच्या लघुपटासाठी आम्ही कोबीवर प्रयोग केला होता. कोबी चांगला वाजतो. भोपळा त्याहून बरा. घरात आईसमोर करू नका.

पेठेतला म्हातारा

तुमच्या मुंबईला रमन राघव, आमच्या पुण्याला जोशी-अभ्यंकर. 1976 चा ऑक्टोबर संपता संपता विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंब, महिन्याभरात भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांचं घर. जानेवारीतल्या हेगडेच्या खुनापासून धरून एकूण दहा खून. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. संध्याकाळी सातनंतर लक्ष्मी रस्ता ओस. ओळखीच्या माणसालाही दाराबाहेरून नाव, गाव, काम सांगायला लागायचं. पुणेकर तसाही दार चटकन उघडत नाही हा विनोद तुम्ही करणार, माहीत आहे. पण तेव्हा दाराला साखळी आणि भोक आलं ते घराघरांत आलं.

खुनी सापडले ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. धक्का तिथे बसला. लोक कुणा दरोडेखोराची वाट पाहत होते, निघाली आमच्या कट्ट्यावर चहा पिणारी असतील अशी पोरं. 1983 च्या नोव्हेंबरमध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. पुढे राजदत्तांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला, नाना पाटेकर मुख्य भूमिकेत. सिनेमा म्हणून तो मला ओबडधोबड वाटला. तरी थिएटरात कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर बंगल्याची घंटा वाजली की माझ्या बायकोचा हात माझ्या मनगटावर. दिग्दर्शकाला भीती तयार करायचे कष्टच पडले नसणार, ती प्रेक्षकांनी घरून आणली होती.

धागाकर्ता

काका, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतोय. ‘हॅलोविन’बद्दल कुणी लिहिणार का?

पॅसाडेनाकर

घ्या, लिहिते. आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. ‘हॅलोविन’ची गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, ऑक्टोबरअखेरीस घडते. चित्रीकरण मात्र 1978 च्या वसंतात इथे, साउथ पॅसाडेना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांत झालं. पानगळ कुठून आणणार? पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा पिशवीत, पुढच्या शॉटसाठी. तरी कोपऱ्यात पामची झाडं दिसतातच. एकदा दिसली की मग तीच दिसत राहतात.

सगळा खर्च तीन-सव्वातीन लाख डॉलर. कमाई काही कोटींत गेली. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. संगीतही सिनेमाचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यानेच दिलं. पाच मात्रांचा तो ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला. माझा नवरा तबला शिकलाय. तो म्हणतो, अस्वस्थ वाटतं ते चार मात्रा पूर्ण होऊनही सम येत नाही म्हणून. मला ठेक्यातलं कळत नाही, अस्वस्थ वाटतं हे मात्र खरं.

सिनेमातलं खुन्याचं घर इथे अजून आहे. पाडणार होते, मग 1987 मध्ये उचलून दुसऱ्या जागी नेलं. आता रेल्वे स्टेशनजवळ छान रंगवलेलं उभं आहे. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. सासूबाई म्हणाल्या, “एवढं नीटनेटकं घर, यात कसलं भ्यायचं?” रात्री सिनेमा लावला, अर्ध्यातून उठून त्यांनी मागचं दार लागलंय का ते बघितलं.

केसपेपर

थोडं विरजण घालते, राग मानू नका. मी मानसिक आजारांच्या रुग्णांबरोबर काम करते. रमन राघवने 41 खुनांची कबुली दिली होती. चौकशीत गप्प बसलेला तो माणूस कोंबडी खायला मिळाल्यावर बोलू लागला, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल, कारण सांगणाऱ्याला ती फार आवडते. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करवली. त्याला तीव्र स्किझोफ्रेनिया होता आणि तो बरा होण्याची शक्यता नव्हती. 1987 मध्ये शिक्षा जन्मठेपेची झाली. 1995 मध्ये ससूनमध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला.

असा सिनेमा लागला की पुढचा आठवडा माझ्याकडे येणारे नातेवाईक वेगळ्या नजरेने बघतात. “आमचा मुलगा असं काही करणार नाही ना?” असं एका आईने मुलासमोरच विचारलं. माझे बहुतेक रुग्ण कुणाला हात लावत नाहीत. मार खातात तेच, त्या आजींनी पाहिलेल्या माणसासारखे. २.० ने निदान ‘हा त्याच्यावर नाही’ अशी पाटी लावली, आणि वेडेपणापेक्षा पोलिसातला थंड क्रूरपणा जास्त दाखवला, म्हणून मी तो शेवटपर्यंत पाहू शकले. मुखवटा घातलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला खुनी मला आता सोसत नाही. माफ करा पॅसाडेनाकर.

पॅसाडेनाकर

माफी कसली! मान्य आहे. तरी मी पुन्हा बघणार, हेही सांगून टाकते.

किल्ल्याची पोर

२.० मधला बहिणीचा प्रसंग कुणीच कसा काढला नाही? अमृता सुभाष! ‘किल्ला’मधली आई म्हणून जिच्यावर जीव जडला होता तिलाच इथे बघायचं. रामन्ना बहिणीच्या घरी येतो. घर लहान, माणूस आत शिरला की उरलेल्यांना हलायला जागा नाही. तिने अंग चोरलंय. भाऊ आहे म्हणून हाकलताही येत नाही, आणि तो कोण आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळलंय. मी त्यानंतरचं बोटांच्या फटींतून बघितलं. आमच्याकडे एक नातलग असा होता. खुनी नव्हे, पण तो आला की आई भांडी जरा जास्तच आवाज करून घासायची. अमृता सुभाषचे खांदे बघून आईचेच आठवले. एवढं काम करायला कॅमेऱ्याला किती पैसे लागतात?

जुनी कॅसेट

त्याच्याही आधीचा सांगतो. श्रीराम राघवनने 1991 च्या सुमारास रमन राघववर एक सिनेमा केला होता, सव्वा तासाच्या आत-बाहेर. थेट व्हिडिओसाठी, थिएटरात आलाच नाही. रघुवीर यादव खुनी. ‘मुंगेरीलाल’ म्हणून घरोघरी आवडता झालेला माणूस! मी तो हातोहात फिरलेल्या खरबरीत कॅसेटवर पाहिला. चित्रात मुंग्या, आवाज बुडबुडलेला. तो खराबपणा सिनेमाचाच भाग वाटत होता, जणू पोलिसांच्या कपाटातून कुणी चोरून आणलंय. पुढे इंटरनेटवर बऱ्या प्रतीत पाहिला तर भीती थोडी उतरली, पण रघुवीर यादव तसाच. तो मोठ्याने काही करतच नाही. साधं उत्तर दिल्यासारखं बोलतो. माझ्या मते नवाजुद्दीनपेक्षा सरस. या वाक्यावर मला बडवायला काठ्या घेऊन येणाऱ्यांनी रांगेत यावं.

साउंडवाला

मी काठी घेऊन निघालोय. नवाजुद्दीनच. पण कॅसेटवाल्या आवाजाबद्दल सहमत, हल्ली तसा आवाज मुद्दाम बिघडवायला आम्ही पैसे घेतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. यातला एकही पाहिलेला नाही. नवरा या आठवड्यात बाहेरगावी आहे, तेव्हा कुठल्यापासून सुरुवात करू?

धागाकर्ता

‘सायको’. दुपारी. आणि अंघोळ आधी उरकून घ्या.