मदत हवी आहे – थंडीत पहाटे स्कूटीवरून मेढा ते सातारा

दादा-ताईंनो, जरा सल्ला हवाय. सातारा एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असते, मी मेढ्याहून बारा महिने स्कूटीवरच जाते. पावसाळा रेनकोटवर निघतो, पण डिसेंबर-जानेवारीत कण्हेर धरणाच्या बाजूला आलं की गार वारा नि धुकं असं काही लागतं की बोटं पार बधिर होतात, ब्रेक किती दाबलाय तेच कळत नाही आणि मला खरी भीती तीच वाटते. लोकरीच्या मोज्यातून वारा आरपार, वर दवाने ओले. आतून सुती आणि वरून रेनकोटच्या कापडाचे घालून कुणी बघितलेत का? का सरळ हँडलला लावायची कव्हरं घेऊ, पण ऐनवेळी त्यात हात अडकला तर?

हेल्मेटची काच पण श्वासाने आतून धुरकट होते, वर केली की डोळ्यांतून नुसतं पाणी. अँटीफॉग फिल्म टिकते का?

टायरची हवा बघते मी, पारा दहाएक अंश उतरला की दीडेक पीएसआय कमी होतेच. पण सकाळी सेल्फ घेत नाही, किकवर लगेच चालू होते, म्हणजे बॅटरीच गेली ना? बदलायच्या आधी कुठे चेक करून मिळेल? साताऱ्यातलं चांगलं गॅरेज असेल तर प्लीज सांगा, पौषातली थंडी अजून जायचीये.