मदत हवी आहे: पुतण्याला कांजिण्या, मला चौदावा आठवडा. वार (प्लॅसेंटा) विषाणू अडवते का?

ऐरोलीकरीण:
पहिलंच बाळंतपण आहे. शनिवारी घणसोलीहून मोठे दीर-जाऊ आले होते. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा दुपारभर माझ्या मांडीवर लोळत कार्टून बघत होता. सोमवारी जाऊबाईंचा फोन आला, अंगभर फोड आलेत, कांजिण्याच आहेत. सासूबाई म्हणतात, "फोड नंतर आले ना? आणि बाळ वारेआड असतं, त्याला काही होत नाही."
मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या की गोवर, ते आईला आठवत नाही. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं एवढंच सांगते. (तो तर दोन्हींत वापरतात!) डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे. तोवर थांबू का?

लॅबवाली_ठाणे:
अगं, थांबू नकोस, आजच फोन कर. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करते. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात, म्हणजे शनिवार धरायचाच.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. आईच्या रक्ताला लागून असलेल्या वारेच्या थरातल्या पेशी एकमेकींत मिसळून अखंड झालेल्या असतात. मधे सांधाच नाही, त्यामुळे बहुतेक विषाणूंना शिरायला फट मिळत नाही. तरी रुबेला, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), झिका हे विषाणू पलीकडे पोचतात, आणि कधीकधी कांजिण्यांचाही. पहिल्या २० आठवड्यांत बाळात व्यंग येण्याचा धोका २ टक्क्यांपर्यंतच, तोही तुला प्रत्यक्ष कांजिण्या झाल्या तर. मला जास्त काळजी तुझी वाटते; गरोदरपणी यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

रक्तातलं व्हॅरिसेला आयजीजी (कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं) तपासून घे. पॉझिटिव्ह आली तर आनंद मान, जुनी प्रतिकारशक्ती आहे. (त्या शब्दाला लोक हमखास घाबरतात.) निगेटिव्ह आली तर पुढचं डॉक्टर ठरवतील. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं झालं तर संपर्कापासून १० दिवसांच्या आत देतात, म्हणून घाई. लस गरोदरपणी देत नाहीत, तिच्यात जिवंत विषाणू असतो.

ऐरोलीकरीण:
आयजीजी बाळालाही मिळतं का?

लॅबवाली_ठाणे:
हो, वारच ते ओढून पलीकडे नेते. पण बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत.

ऐरोलीकरीण:
फोन केला. उद्या सकाळी रक्त द्यायचंय. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर येत्या रविवारपासून इतर गरोदर बायकांपासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्याच रविवारी कोपरीला नणंदेचं डोहाळजेवण आहे. सासूबाईंना आता कोण सांगणार?