मदत हवी आहे: पाण्याच्या ताणात बारीक पडलेला खपली गहू बियाण्याला ठेवावा का?

प्रश्न (अथणी भाग)
काळं रान, कोरडवाहू. खपली निसवल्यावर (ओंब्या बाहेर पडल्यावर) ओल संपली, दाणा बारीक आणि सुरकुतलेला आला. हाच पेरला तर पुढचं पीकही बारीक येईल का? की दरवर्षी ठळक दाणे निवडत गेलं तर ताण सोसणारं वाण हाती लागेल?

उत्तर १
हा बारीकपणा पुढच्या पिढीत उतरत नाही. फुलोऱ्यानंतर ताण बसला की दाण्यात पिष्ट कमी भरतं, जनुकं तीच राहतात. गहू स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारा, त्यामुळे एकाच शुद्ध वंशातला (एकाच झाडापासून वाढवलेल्या, सारख्या जनुकांच्या पिढीतला) ठळक दाणा आणि बारीक दाणा आनुवंशिकदृष्ट्या सारखेच. डेन्मार्कचा वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन याने १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं.

तरीही पोचट दाणा पेरू नका. त्यात अन्नसाठा कमी, खोलातून वर येताना कोंब दमतो. खपली टरफलासकट पेरतात, म्हणून चाळणीवर आतला पोचट दाणा कळत नाही. पाण्यात तर भरलेलं बीही तरंगतं. वाऱ्यावर उफणा आणि जवळ पडलेलं जड बी घ्या. मग १०० बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ८५ च्या खाली आली तर एकरी बियाणं वाढवा.

प्रश्नकर्ता
म्हणजे निवड करायचीच नाही?

उत्तर २
करायची, पण दाण्यागणिक नव्हे, ओंबीगणिक. घरचं जुनं बियाणं बहुधा अनेक वंशांची सरमिसळ असतं, तिथे निवडीला वाव आहे. रानाच्या मधल्या भागातून ४०-५० ओंब्या घ्या. बांधालगतच्या झाडांना जागा आणि ओल जास्त मिळते, ती फसवतात. एका ओंबीची एक ओळ. बी पुरलं तर तीच ओळ दोन ठिकाणी लावा: एकीकडे कोरडवाहू, दुसरीकडे ६०-६५ दिवसांनी एक पाणी. पाणी दिलेल्या जागेच्या मानाने कोरडवाहूत ज्या ओळीचं वजन कमी घटतं ती ठेवा.

हजार दाण्यांचं वजन टरफल काढून, नीट वाळवून करा. मुख्य चूक होते ती इथेच: ताणात ओंबीत दाणे कमी धरले की उरलेले फुगतात आणि ती ओळ उगाच चांगली दिसते. म्हणून ओंबीतले दाणेही मोजा. निसवण्याची तारीखही लिहा, कारण लवकर येणारी ओळ ताण चुकवते, सोसत नाही.

एका जनुकावर भिस्त ठेवू नका. जीडब्ल्यू-२ हा दाण्याची रुंदी आवरणारा जनुक ६ए आणि ६बी गुणसूत्रांवर आहे, पण दाण्याचं वजन अशा अनेक जनुकांच्या बेरजेतून ठरतं.

उत्तर ३
पुढे बुटकं वाण घेणार असाल तर लक्षात ठेवा, बुटकेपणा आणणारा आरएचटी-बी१बी जनुक उंचीबरोबर कोंबाचं आवरणही आखूड करतो. ओल गाठायला कुरी (पेरणीचं अवजार) खोल घातली की उगवण विरळ होते. अशा वाणाला ५ सेंटिमीटरच्या आत ओल असेल तेव्हाच पेरा.