शब्दचर्चा : ‘थायरॉइड वाढला’ म्हणजे नेमके काय वाढले?

कपाशीकाठ
दारव्हा-दिग्रसकडच्या आशाताईंना (गावोगावच्या आशा सेविकांना) हाताशी ठेवता येईल अशी एका पानाची शब्दसूची करत आहे. पहिल्याच शब्दाला गाडी अडली. रिपोर्ट हातात आला की गावात वाक्य एकच, ‘थायरॉइड वाढला’. त्यावर सर्रास येणारा प्रश्न असा : “मायचा थायरॉइड वाढून राहिला अन् डॉक्टर म्हणते कमी हाये. मंग खरं काय?” हे कसे सांगावे? आणि थायरॉइडला ‘अवटू ग्रंथी’ लिहावे का?

नळीवाला
दोन्ही खरे आहे, घोळ ‘वाढला’ या क्रियापदात आहे. आपल्याकडे ते निदान चार अर्थांनी वापरले जाते. टीएसएचचा (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा वाढला तरी थायरॉइड वाढला, रक्तातले टी-३, टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक) वाढले तरी तेच, गळ्यावर सूज दिसली तरी तेच, आणि गोळी पन्नासवरून पंचाहत्तर झाली तरी तेच! यातले पहिले दोन अर्थ एकमेकांच्या थेट उलट आहेत.

टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. कामावरचा गडी ढिला पडला की कास्तकाराचा आवाज चढतो, टीएसएच म्हणजे तो आवाज. म्हणून टीएसएच १८ आणि एफटी-४ (म्हणजे फ्री टी-४) ०.५ असे आले तर थायरॉइड कमी पडला (हायपो). टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आणि एफटी-४ ३.२ असेल तर थायरॉइड अति झाला (हायपर). एफटी-४ थोडेसे घसरले तरी टीएसएच कितीतरी पटींनी उसळतो, त्यामुळे बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा त्याच आकड्यात दिसते.

सूचीत ‘थायरॉइड वाढला’ हे वाक्य खोडूनच टाका. ‘टीएसएच जास्त, म्हणजे थायरॉइडचे काम कमी’ असे पूर्ण लिहा. लांबट आहे, पण गोळी चालू असलेल्या बाईचा टीएसएच ०.०५ आला आणि तिने ‘कमी झाला’ म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवली, तर छातीत धडधड आणि हातांना कंप सुरू होतो. तिथे गोळी आधीच जास्त झालेली असते.

मेडिकलच्या काउंटरवरून
त्यात ‘मलेही थायरॉइड हाये’ म्हणत शेजारणीची डबी उसनी घेणे जोडा. एकीला हायपो, दुसरीला हायपर, शब्द मात्र एकच. ‘थायरॉइड आहे’ यात रोग कोणता तेच येत नाही, ग्रंथी तर सगळ्यांनाच असते. सूचीत ‘कमीचा थायरॉइड’ आणि ‘जास्तीचा थायरॉइड’ असे दोन शब्द ठेवा. व्याकरणाला थोडे खटकतील, समजायला सोपे आहेत.

शब्दवेडा
अवटू नको. संस्कृतात अवटु म्हणजे मानेचा मागचा भाग, आणि ही ग्रंथी समोर, कंठाखाली फुलपाखरासारखी बसलेली. पाठ्यपुस्तकाबाहेर शब्द रुजलाही नाही. ‘गळ्यातली थायरॉइड ग्रंथी’ पुरे.

‘गलगंड’ मात्र जरूर ठेवा, फक्त तो ग्रंथीच्या आकाराचा शब्द आहे. सूज ठळक असूनही टीएसएच अगदी बरोबर येऊ शकतो, आणि हायपो असणाऱ्या कित्येकींचा गळा सपाट असतो.

कपाशीकाठ
‘फ्री टी-४’ या शब्दावर परवाच वाद झाला म्हणे. रिपोर्टवर फ्री लिहिले, मग पैसे काहून घेतले?

नळीवाला
हा गोंधळ हसण्यावारी नेऊ नका, जागोजागी होतो. रक्तातला बहुतेक टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतो. न चिकटलेला अगदी थोडा भाग पेशींत शिरून काम करतो, तो फ्री, म्हणजे ‘सुटा टी-४’. चिकटलेला आणि सुटा मिळून ‘टोटल’. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या पाळणागोळ्यांनी ती प्रथिने वाढतात, म्हणून टोटल टी-४ फुगलेला दिसतो आणि बाई मात्र ठणठणीत असते. टी-३ बद्दल एवढेच, की ‘कमीच्या थायरॉइड’मध्ये तो बराच काळ नॉर्मल राहतो. त्यावर निर्धास्त होऊ नये. ‘जास्ती’च्या तपासात तो कामाचा.

एककाचाही रकाना करा. टीएसएचपुढे ‘मायक्रो-आययू प्रति मिलि’ असो की ‘मिलि-आययू प्रति लिटर’, आकडा तोच राहतो. एफटी-४ चे तसे नाही. एका लॅबचे १.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसऱ्या लॅबचे साधारण १५.४ पिकोमोल प्रति लिटर (१२.८७ ने गुणायचे). गाव बदलले, लॅब बदलली, आणि लोक म्हणतात ‘बारापट वाढला’. नॉर्मल रेंजही यंत्रागणिक थोडी वेगळी असते, टीएसएचची ढोबळ ०.४ ते ४ धरा. आकडा नेहमी शेजारी छापलेल्या रेंजसकट वाचायचा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासायचा. गरोदर बाईसाठी ती छापील रेंज चालत नाही, तिची वरची मर्यादा खाली असते, विशेषतः पहिल्या तिमाहीत. तिथे ‘रेंजमध्ये आहे’ म्हणून आशाताईंनी परत पाठवू नये.

वर्ध्याची ताई
परिचारिका म्हणून दोन शब्द सुचवते. ‘सबक्लिनिकल’ला ‘काठावरचा’ म्हणा. टीएसएच वरच्या मर्यादेपेक्षा जास्त, बहुधा १० च्या आत, आणि एफटी-४ नॉर्मल. यात दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. म्हाताऱ्या माणसांत थोडा जास्त टीएसएच वयाचाच भाग असतो. गर्भारपण असेल किंवा मूल हवे असेल तर मात्र थांबू नये.

दुसरा शब्द ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह’. कोरोनापासून पॉझिटिव्ह म्हटले की लागण, ताट-वाटी वेगळी. इथे लागण नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीविरुद्ध उठली आहे, एवढेच. दर वेळी ही तपासणी पुन्हा करत बसायचे कारण नसते.

मेडिकलच्या काउंटरवरून
ताईंच्या यादीत ‘उपाशीपोटी’ घाला. आपल्याकडे भाकर खाल्ली नाही म्हणजे उपाशी, चहा त्यात मोजतच नाहीत! थायरॉक्सिनची (म्हणजे ‘कमीच्या थायरॉइड’ची) गोळी चहाच्याही आधी, नुसत्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही.

‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी सरकारी दवाखान्यातली लाल लोहगोळी किंवा कॅल्शियम निघते. दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, ते रक्तात पोचत नाही. चार तासांचे अंतर हवे. एक सकाळी, दुसरी दुपारच्या जेवणानंतर, असे सरळ लिहा. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका इतक्या, की ही ओळ ठळक छापा.

नळीवाला
तपासणीच्या दिवशी थायरॉक्सिन रक्त दिल्यानंतर घ्यावी, नाहीतर एफटी-४ काही तास उगीच चढा दिसतो. गोळीचा आकडा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, पंधरा दिवसांनी केलेला टीएसएच अर्धवट असतो. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असते, जास्त मात्रेत ते काही यंत्रांना फसवते आणि टीएसएच खोटा कमी, एफटी-४ खोटा जास्त येतो. निदान दोन दिवस आधी ती बंद करावी आणि लॅबला सांगावे.

वर्ध्याची ताई
‘टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉइड नॉर्मल’ असे मात्र सूचीत लिहू नका भाऊ. बाळंतपणात फार रक्त गेलेली बाई, जिला नंतर दूधच आले नाही, पाळी परतली नाही, थकवा हटत नाही, तिची पिट्यूटरीच सुकलेली असू शकते. घोणस (आपली परड) चावून वाचलेल्यांतही असे होऊ शकते. अशांचा टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो आणि एफटी-४ खाली असते. आवाज देणाराच गप्प झालेला असतो. त्यांचा एफटी-४ पाहायलाच हवा, आणि गोळी डॉक्टरांनी कॉर्टिसॉल (पिट्यूटरीच्याच हुकमावर बनणारे दुसरे संप्रेरक) तपासल्याशिवाय सुरू होऊ नये.

कपाशीकाठ
मसुदा असा : ‘टीएसएच जास्त, म्हणजे काम कमी. टीएसएच कमी, म्हणजे बहुधा काम जास्त किंवा गोळी जास्त, एफटी-४ पाहावा. डोस डॉक्टरच ठरवतील.’

मेडिकलच्या काउंटरवरून
‘डोस’ काढा. गावात डोस म्हणजे पोलिओचा. ‘गोळीचा आकडा’ लिहा, आणि शेजारी ‘५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम’. पन्नासची गोळी ५० मिलिग्रॅमची समजून घाबरणारे रोज येतात.