थ्रेड म्हणजे धागा की पेड?

मी कोथरूडमध्ये मुलांना मराठीतून प्रोग्रामिंग शिकवते. 'थ्रेड'ला, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या कामाच्या एका ओळीला, कित्येक वर्षं 'धागा' म्हणत आले, पण मुलांपुढे नीट चित्र उभं राहत नव्हतं. धागा एकटाही असतो, रिळावर गुंडाळलेला. थ्रेड तसा नसतो. तो प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, पोटात जन्मतो, तिची मेमरी इतर थ्रेडांबरोबर वाटून घेतो आणि प्रोसेस संपली की तोही संपतो.

मागे बोहरी आळीत दोर घ्यायला गेले, तर दुकानदारांनी विचारलं, "ताई, तीन पेडी देऊ की चार पेडी?" मला तिथेच शब्द सापडला. दोर ही प्रोसेस, पेड हा थ्रेड. दोर एकच, पण प्रत्येक पेडाला आपला पीळ. तसा प्रत्येक थ्रेडला आपला स्टॅक (चालू कामाची तात्पुरती माहिती ठेवायची जागा), आणि काम कुठवर आलं याची आपली खूण. एका थ्रेडने मेमरीत भलतीकडे लिहिलं तर सगळी प्रोसेस कोसळू शकते.

'मल्टिटास्किंग'साठी, म्हणजे अनेक कामं एकदम चालवण्यासाठी, 'अष्टावधान' मात्र पटत नाही. एका कोअरचा (काम करणारा गाभा एकच असलेला) प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो, काही मिलिसेकंदांनी ते बाजूला ठेवून दुसरं उचलतो. मी 'आळीपाळी' म्हणते. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रामने आपणहून पाळी सोडावी लागे. एखादा अडून बसला की सगळेच खोळंबत. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तेव्हा नव्या ३२ बिटी प्रोग्रामांकडून पाळी काढून घेण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला.

तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १
ताई, 'पेड' आवडला. पण हिंदीच्या सवयीने मुलांना झाड आठवेल, आणि 'ट्री' (माहितीची फांद्यांसारखी मांडणी) तर आपल्याकडे आधीच आहे. शिवाय कोअर चार असतील तर आळीपाळी कुठे उरली?

प्रतिसाद २
सर, 'तिपेडी वेणी' एकदा फळ्यावर काढली की झाड आठवत नाही. कोअरचं म्हणणं बरोबर आहे. खरोखर एकदम चालतं ते 'समांतर'. पण कोअर चार आणि थ्रेड चाळीस असतील, तर आळीपाळी करावीच लागते.

प्रतिसाद ३
आणि डेडलॉक?

प्रतिसाद ४
'कोंडी'. सिग्नल बंद पडलेला चौक आठवा. चारही बाजूंच्या गाड्या मध्यात घुसलेल्या, प्रत्येकीने थोडी जागा अडवलेली, आणि प्रत्येकीला पुढचीने अडवलेली जागा हवी. कुणी तरी मागे सरकल्याशिवाय एकही गाडी हलत नाही. प्रोग्राममध्ये गाड्यांऐवजी थ्रेड आणि जागेऐवजी कुलपं (एका वेळी एकाच थ्रेडला घेता येणारी) असतात, एवढाच फरक.